मुंबईस आलेल्यांची मोजदाद

मुंबई बेटाचें स्वामित्व कोणाकडून कोणाकडे गेलें, किल्ल्याचा तट केव्हां बांधला व केव्हां पाडला, गोद्या कोणीं बांधल्या, यांविषयीं साधार लेखन पुष्कळ झालें आहे. परंतु त्या बेटावर चार दिवसांकरितां येऊन परत गेलेल्या माणसांकडे अभ्यासकांचें लक्ष तितकेंसें गेलेलें नाहीं. प्रस्तुत लेखक या विषयाकडे वळला तो एका क्षुल्लक कारणानें. सरकारी पर्यटनखात्याच्या आंकड्यांवरून काढलेली एक आकृति एका जुन्या विद्यार्थ्यानें दाखविली. तींत परदेशांतून भारतांत आलेल्या प्रवाशांची रेषा चढत जाऊन २०१९ सालीं सुमारें १ कोटि ९ लक्षांवर पोंचली होती. २०२० सालीं महामारीमुळें ती एकदम सुमारें २७ लक्षांवर आली, आणि पुढें पुन्हां चढूं लागली. प्रवेशस्थानांच्या क्रमांत मुंबईचें नांव दिल्लीच्या खालोखाल होतें. आकृति गुंडाळतांना त्यानें विचारलें, "गुरुजी, दोनशें वर्षांपूर्वींपासूनची अशीच रेषा एकट्या मुंबईपुरती काढतां येईल का?"

रेषा काढतां येईल. मात्र ती माणसें येण्याची रेषा असणार नाहीं, माणसें मोजण्याची असेल. जुने कागद हाताळणाऱ्या वाचकांस हा भेद नवा नाहीं. जकातीच्या कागदांत दिसतो तो जकात भरलेला माल. आडवाटेनें गेलेला बैल त्यांत सांपडत नाहीं. म्हणून कोणत्याहि संख्येपुढें आपण जे प्रश्न विचारतों तेच येथेंहि विचारले पाहिजेत. कोणीं मोजलें, कोणत्या दारांत उभें राहून मोजलें, व कशाकरितां?

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत 'अतिथि' शब्दाची व्युत्पत्ति सांगतांना, एक रात्र राहणारा तो अतिथि व त्याचें राहणें अनित्य म्हणून त्यास हें नांव, असा अर्थ दिला आहे. राष्ट्रसंघानें १९३७ सालीं प्रवासी कोणास म्हणावें हें ठरविलें, तेव्हां परदेशांत चोवीस तास किंवा अधिक काळ राहणारा तो प्रवासी, अशी व्याख्या केली. आणि हल्लींच्या संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येंतहि रात्रीचा मुक्काम करणारा निराळा व त्याच दिवशीं परतणारा निराळा, असे दोन वर्ग आहेत. स्मृतिकार व गणनाकार यांचा एका रात्रीवर असा मेळ बसलेला पाहून आम्हांस मौज वाटली. फरक इतकाच कीं स्मृतिकारास अतिथीला जेवूं घालावयाचें होतें, त्याची संख्या नको होती.

मुंबईच्या पाहुण्यांत सर्वांत जुने ते यात्रेकरू. वाळकेश्वर व बाणगंगा हीं तीर्थें इंग्रज तर राहोतच, पोर्तुगीजांच्याहि पूर्वींचीं. जुनें देवालय पोर्तुगीज अमदानींत नाहींसें झालें, व सध्यांचें देवालय इ. स. १७१५ मध्यें रामा कामत या शेणवी व्यापाऱ्यानें उभारलें. (याच कामतावर पुढें आंग्र्यांशीं संधान बांधल्याचा आरोप येऊन तो कैदेंत मेला, त्या खटल्यांतील पत्रांचा खरेखोटेपणा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) देवालयाच्या पलीकडे, डोंगराच्या समुद्रांत शिरलेल्या टोंकाशीं, 'श्रीगुंडी' नांवाची खडकांतील भेग होती. तींतून अंग चोरून पार होणारास नवा जन्म लाभतो व पूर्वींचें पाप उरत नाहीं, अशी श्रद्धा होती. एडवर्ड मूरनें १८१० सालीं प्रसिद्ध केलेल्या 'हिंदु पँथिअन' या ग्रंथांत, राघोबादादा मुंबईस असतां या भेगेंतून जात असत असें नमूद केलें आहे. आंग्रे व खुद्द शिवाजी महाराज यांचीहि नांवें त्यानें या संदर्भांत घेतलीं आहेत. महाराजांविषयींची गोष्ट आख्यायिका म्हणूनच घ्यावी. दादासाहेबांची मात्र निराळी. पुरंदरच्या तहानंतर १७७६ च्या अखेरीस ते मुंबईंत येऊन राहिले होते, आणि ज्यांच्या नांवामागें नारायणरावांच्या वधाचा प्रवाद लागलेला होता त्यांस पापक्षालनाची ओढ असावी यांत नवल नाहीं.

परंतु नांवें राहिलीं तीं सत्ताधीशांचीं. डोंगरास 'मलबार' हें नांव मलबार किनाऱ्यावरून येणाऱ्या यात्रेकरूंवरून पडलें, असें एक मत आहे; कित्येक जण तें तिकडील चांच्यांवरून पडलें असें म्हणतात. पहिलें मत खरें असेल, तर ज्यांच्या पायांची खूण डोंगराच्या नांवावर उमटली त्यांची संख्या एकाहि कागदावर नाहीं, असें म्हणावें लागतें. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील क्षेत्रोपाध्यायांनीं यजमानांच्या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या, कारण त्या नामावळीवर त्यांची वृत्ति अवलंबून होती. यजमान आपला कीं दुसऱ्याचा हें वही उघडून ठरे. जेथें नोंदीवर कोणाची भाकर नव्हती तेथें नोंद झाली नाहीं.

घारापुरीस येणाऱ्या युरोपियनांची गोष्ट याच्या उलट. ते थोडे होते, पण लिहिणारे होते. दों जुआंव द कास्त्रो याचें वर्णन १५३८ सालचें. गार्सिया द ओर्टाचें १५६३ सालीं गोव्यांत छापलेलें. कार्स्टेन नीबुर १७६३ त मुंबईस उतरला व त्यानें लेण्यांचीं मोजमापें व चित्रें घेतलीं. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं बेटास 'एलिफंटा' म्हटलें तो १८१४ सालीं ढांसळला. त्याचे अवशेष पुढें मुंबईंत आणले गेले व तो पुन्हां जुळविलेला हत्ती आज जिजामाता उद्यानांत उभा आहे. १८७५ सालीं प्रिन्स ऑफ वेल्सला लेण्यांत मेजवानी देण्यांत आली. शिवलिंगाच्या सान्निध्यांत तें भोजन कोणास सुचलें असेल तें असो. शिवरात्रीच्या जत्रेस त्याच लेण्यांत जाणाऱ्या कोळी-आगऱ्यांविषयीं गॅझेटिअरांत एखादें वाक्य मिळतें. एकेका साहेबाविषयीं पानेंच्या पानें मिळतात.

या काळांत उतरावयाची सोय तरी काय होती? मारिया ग्रॅहम ही विदुषी १८०९ सालीं मुंबईस आली. तिच्या प्रवासवृत्तांत, येथें एकच खाणावळ आहे व तीहि स्त्रियांनीं उतरण्याजोगी नाहीं, म्हणून नवागतांचा पाहुणचार येथील इंग्रज कुटुंबेंच करतात, अशा अर्थाचा मजकूर आहे. आमच्या लोकांची रीतिहि निराळी नव्हती. गांवचा, ज्ञातीचा किंवा नात्याचा मनुष्य शोधावा व त्याच्या ओटीवर वळकटी टाकावी. हीच रीति पुढें चाळींतील खोल्यांत चालू राहिली. अशा पाहुण्याची नोंद यजमानाच्या वाण्याच्या खात्यांत वाढलेल्या तांदळावरूनच काय ती व्हावयाची.

वाफेनें सर्व पालटलें. मुंबईच्या गोदींत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८३० च्या मार्चमध्यें सुवेझकडे निघाली. १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली. १८६३ सालीं बोरघाटाची व १८६५ त थळघाटाची चढण रेल्वेनें जिंकली. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला. गोविंद नारायण माडगांवकर यांचें 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालीं, म्हणजे या धामधुमीच्या ऐन मध्यावर प्रसिद्ध झालें. त्यांत शहरांतील जत्रा, बाजार व नाना देशींच्या लोकांची गर्दी यांचें जें चित्र आहे तें कोणत्याहि कोष्टकापेक्षां अधिक विश्वसनीय आहे.

कोष्टकें किती फसवितात याचें उदाहरण पुढच्याच वर्षाचें. १८६४ च्या फेब्रुवारींत डॉ. लीथ यांनीं शहराची शिरगणती केली. ती ८,१६,५६२ भरली. १८७२ सालच्या खानेसुमारींत संख्या ६,४४,४०५. आठ वर्षांत पावणेदोन लक्ष माणसें कोठें गेलीं? कांहीं वाटा गणनेच्या निरनिराळ्या पद्धतींचा असेल. परंतु मुख्य कारण उघड आहे. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसास सोन्याचा भाव आला असतां दलाल, हमाल, गवंडी, सट्टेवाले हे सर्व मुंबईंत लोटले होते. १८६५ त यादवी संपली, शेअरांचा फुगा फुटला, व ते परत गेले. म्हणजे १८६४ च्या आंकड्यांत रहिवासी किती व पाहुणे किती हें त्या आंकड्यासच ठाऊक नव्हतें. पाहुणा व रहिवासी यांमधील भिंत मुंबईंत कधींच पक्की नव्हती. आठ महिने गिरणींत व चार महिने शेतावर असणारा रत्नागिरीकर कोणत्या रकान्यांत घालावा?

मग मुंबईंत येणाऱ्यांची खरी, माणूस मोजून केलेली नोंद प्रथम कोणाची झाली? आमच्या मतें ती हजच्या यात्रेकरूंची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई हें हजयात्रेचें भारतांतील मुख्य बंदर बनलें. बंगाल, पंजाब, दक्षिण हैदराबाद, इतकेंच नव्हे तर अफगाणिस्तान व मध्य आशिया येथूनहि लोक येथें येत, जहाजाची वाट पाहत दिवसचे दिवस मुसाफरखान्यांत, मशिदींच्या आवारांत व रस्त्यांवर राहत, आणि मग जिद्द्यास जात. हे लोक कांहीं मुंबई पाहावयास येत नसत. पण वरील व्याख्येनें पाहतां ते शुद्ध अतिथि होते. १८६५ सालीं मक्केंत पटकीची भयंकर सांथ झाली व ती इजिप्तवाटे युरोपांत पोंचली. १८६६ सालीं इस्तंबूल येथें आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली, व तेव्हांपासून भारतीय यात्रेकरू हा युरोपियन सरकारांच्या काळजीचा विषय झाला. लाल समुद्राच्या तोंडाशीं कामरान बेटावर यात्रेकरूंस अडकवून ठेवण्याचें ठाणें बसलें. जहाजावर दर माणशीं किती जागा असावी याचे कायदे झाले. यात्रेकरूस परवाना देण्याची व्यवस्था झाली. १८८६ सालीं सरकारनें ही सर्व वाहतूक टॉमस कुक या प्रख्यात प्रवासी कंपनीकडे सोंपविली, व कांहीं वर्षें ती तिच्याकडे होती. ज्या कंपनीनें युरोपांत हौशी प्रवाशांच्या सहली चालविल्या तिच्याच खातेवहींत मुंबईच्या धक्क्यावरील गरीब हाजी आला, हा योग विलक्षण खरा.

येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हाजींची मोजणी त्यांच्या सुखासाठीं प्रथम झाली नाहीं. त्यांच्या भीतीनें झाली. सोय मागाहून आली. १९३२ सालच्या कायद्यानें बंदरांवरील हज कमिट्या स्थापन झाल्या, मुसाफरखाने सुधारले. मुंबईहून जिद्द्यास जाणारी यात्रेकरूंची बोट १९९५ सालापर्यंत चालू होती. नंतर ती यात्रा सर्वस्वीं विमानानें होऊं लागली, आणि धक्क्यावरील तो गजबजाट संपला.

भीतीची दुसरी मोजणी प्लेगची. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवींत ग्रंथिक सन्निपात प्रकट झाला. १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा आला, त्याच महिन्यांत मुंबईहून हाजींस जाण्यास बंदी झाली, आणि रेल्वे स्थानकांवर उतारूंची नाडी व काख तपासण्यास डॉक्टर उभे राहिले. इतके दिवस ज्या दारांतून माणसें बिनबोभाट ये-जा करीत होतीं त्या दारांवर प्रथमच पहारा बसला. १८९१ सालीं ८,२१,७६४ असलेली शहराची संख्या १९०१ च्या खानेसुमारींत ७,७६,००६ भरली, व १९०६ सालच्या नगरपालिकेच्या मोजणींत ९,७७,८२२. या चढउतारांत मृत्यूचा वांटा किती आणि गांवीं पळून गेलेल्यांचा किती, हें ज्यांच्या घरांत त्या काळचीं खासगी पत्रें आहेत त्यांस अधिक चांगलें सांगतां येईल.

श्रीमंत प्रवाशाची नोंद होण्यास मात्र भीति लागली नाहीं, बिल पुरलें. विलायतेहून लोखंडी सांगाडा आणून उभारलेलें वॉटसनचें हॉटेल १८७१ त सुरू झालें. तेथेंच ७ जुलै १८९६ रोजीं लुमिएर बंधूंचीं चलच्चित्रें दाखविलीं गेलीं. ताजमहाल हॉटेल १९०३ च्या डिसेंबरांत उघडलें. हॉटेलांत उतरणाऱ्याचें नांव वहींत चढतें, तें पोलिसांसहि लागतें व मालकासहि. याच काळांत माधवबाग, हिराबाग यांसारख्या धर्मशाळा गुजराती सावकारांच्या दानधर्मानें उभ्या राहिल्या, आणि देशी प्रवाशांपैकीं पुष्कळांचा भार त्यांनीं उचलला. तेथेंहि वह्या असत. त्यांचें काय झालें, हें सांगण्याकरितांच खरें म्हणजे हा लेख लिहावयास घेतला.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका पोथीच्या शोधांत आम्ही गिरगांवाकडील एका जुन्या धर्मशाळेंत गेलों होतों. (संस्थेचें नांव येथें देत नाहीं, चालक भले गृहस्थ आहेत.) इमारत पाडून नवी बांधावयाची होती. आंगणांत रद्दीवाल्याची हातगाडी उभी होती, व तीवर लाल खारव्यानें मढविलेल्या लांबोळ्या चोपड्यांचा ढीग कमरेइतका उंच रचलेला होता. आम्हीं विचारलें, तेव्हां व्यवस्थापक म्हणाले, "मास्तर, ह्या देवघेवीच्या वह्या नाहींत, नुसते उतारूंचे रजिस्टर. हिशेबाचे सारे कागद आम्ही जपून ठेवले आहेत." त्यांच्या दृष्टीनें तें योग्यच होतें. रद्दीवाला ऐकेना, त्याचें वजन होऊन गेलें होतें. त्यानें कृपा करून शिवण उसवलेल्या एका चोपडीचीं सतरा सुटीं पानें दिलीं. बाकीचा ढीग आमच्या डोळ्यांदेखत गेला. त्या दिवशीं खिशांत गाडीभाड्यापुरतेच पैसे होते, हें आजहि टोंचतें.

त्या पानांवरील लेखन कांहीं मोडींत व कांहीं गुजरातींत आहे. रकाने असे: तिथि, नांव, गांव, ज्ञाति, बरोबर माणसें, कशाकरितां येणें, दिलेलीं भांडीं व गोदड्या, जाण्याची तिथि. 'कशाकरितां येणें' हा रकाना सरकारी कोष्टकांत त्या काळीं नव्हता, आणि आज असला तरी 'करमणूक', 'व्यापार', 'इतर' असल्या मोठ्या पेट्यांत विभागलेला असतो. येथें कारकुनानें माणूस बोलला तसें लिहिलें आहे. डोळ्याचें औषध. कोर्टकाम. द्वारकेस जाणें. लग्नाचा बस्ता. मुलगा पाहणें. आगबोट चुकली. अशी एक वही सबंध हातीं असती तर कोणत्या महिन्यांत कोणत्या तालुक्यांतील माणसें कोणत्या ओढीनें मुंबईस येत, याचा उलगडा झाला असता.

नोंद नसण्याची किंमत कधीं कधीं फार जबर पडते. १७ जुलै १९४७ रोजीं गटारी अमावास्येच्या दिवशीं 'रामदास' ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जातांना काशाच्या खडकापाशीं उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. मृतांचा आंकडा निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळा दिलेला आढळतो. घरचा सण करावयास निघालेले ते कुलाब्याकडील चाकरमाने. मुंबईच्या दृष्टीनें ते परतणारे पाहुणे, गांवच्या दृष्टीनें येणारे.

आतां पुन्हां त्या आकृतीकडे वळूं. तीवरील परदेशी प्रवासी विमानतळावर मोजला जातो. मुंबईस उतरून लगोलग पुण्यास किंवा गोव्यास गेलेला मनुष्य मुंबईच्या खातीं पडतो, आणि दिल्लीस उतरून आगगाडीनें मुंबईस आलेला दिल्लीच्या. देशी प्रवाशांची संख्या राज्यें बहुशः निवासगृहांकडून येणाऱ्या तक्त्यांवरून जुळवितात. मावशीकडे उतरलेला भाचा तींत येत नाहीं. घारापुरीची मोजणी पुष्कळ बरी, कारण पुरातत्त्वखात्याचें तिकीट आहे. परंतु दरवर्षीं ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर विदर्भ-मराठवाड्यांतून व परप्रांतांतून लक्षावधि लोक येतात. १९५६ सालीं डॉ. आंबेडकरांचा अंत्यविधि जेथें झाला त्या जागेचें दर्शन घेतात, शिवाजी पार्कावर रात्र काढतात, आणि त्यांतील पुष्कळ जण पिशवीभर पुस्तकें घेऊन परततात. एका रात्रीच्या मुक्कामाची कसोटी त्यांस लागू पडते. त्यांची संख्या मात्र अंदाजानेंच सांगितली जाते, व पर्यटनाच्या आकृतींत त्यांची रेषा आम्हांस दिसली नाहीं. परळच्या टाटा रुग्णालयांत १९४१ पासून साऱ्या देशांतून कर्करोगाचे रोगी येत आहेत. त्यांचे नातलग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत, नाहींतर पदपथावर महिनोन्‌महिने असतात. रोग्याची नोंद रुग्णालयांत होते. बरोबरच्या माणसाची कोठें होते?

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, पोथ्या व सनदा शोधतांना धर्मशाळांच्या, मुसाफरखान्यांच्या, जुन्या खाणावळींच्या व बोटीच्या अडत्यांच्या वह्यांकडे पाठ फिरवूं नये. त्या दिसावयास कुरूप असतात, त्यांस बाजारांत मोल नाहीं, आणि जागा फार खातात. ज्यांच्याजवळ अशा वह्या असतील व ठेवण्यास अडचण असेल त्यांनीं त्या जाळण्यापूर्वीं मंडळास कळवावें. निदान एकेका वर्षाचें एक पान उतरून घेतां येईल.

आमच्याजवळील सतरा पानें मंडळाच्या दप्तरांत दाखल केलीं आहेत. त्यांतील शेवटच्या पानावर, खालून तिसऱ्या ओळींत, घाटावरच्या एका बाईची नोंद आहे. बरोबर माणसें: कोणी नाहीं. कशाकरितां येणें: मुलाचा शोध. एक तांब्या व एक गोदडी दिल्याचें लिहिलें आहे. जाण्याच्या तिथीचा रकाना कोरा आहे.